एक दिवस मी, एक दिवस ती

तिसऱ्यांदा औषध घ्यायचं की नाही, हे ठरवायला डॉक्टर मॅडमनी मला एक महिना दिला होता. माणूस बैलजोडी घ्यायलाही इतका वेळ लावत नाही. पण माझं वय पासष्टच्या पुढे गेलेलं, यकृत निबर व्हायला लागलेलं, आणि रक्तातला हिपॅटायटिस सी दोन औषधांना पुरून उरलेला. या वेळी चोवीस आठवडे, रोज, असं मॅडम म्हणाल्या. नव्या गोळीच्या जोडीला पहिल्या वेळच्या त्या जुन्या कॅप्सूलही. त्यानं रक्त कमी होईल, दम लागेल, चिडचिड होईल. घरी बोला, विचार करा, मग या.

फाइल मिटता मिटता त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी एकही गोळी चुकली नव्हती ना, काका?"

"नाही," मी म्हणालो.

बुलढाण्याच्या त्या सरकारी दवाखान्यात हे 'नाही' मी तिसऱ्यांदा सांगत होतो. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली होती, आता सरावली होती. रिकाम्या बाटल्या दाखवा म्हणाले तेव्हा मी पिशवीतून त्या काढून टेबलावर मांडल्याही होत्या. बाटल्या रिकाम्या होत्याच. त्या कुणी रिकाम्या केल्या, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

मी बावीस वर्षं कंपाउंडर होतो. वरवट बकालला एक खाजगी दवाखाना होता, त्यात. डॉक्टर आता हयात नाहीत, दवाखान्याच्या जागी कृषी केंद्र झालंय. काचेची सिरिंज आणि साताठ सुया स्टीलच्या डब्यात घालून स्टोव्हवर उकळायच्या, हे माझं सकाळचं पहिलं काम. रोजच्या गर्दीला तेवढ्यावर भागायचं. बाजाराच्या दिवशी मात्र माणसं ओट्यावरून पार रस्त्यापर्यंत. आणि प्रत्येकाला सुईच हवी. गोळी दिली की त्यांना वाटायचं, डॉक्टरनं वाटेला लावलं.

"गोयी नको भौ, सुई लाव. सुईबिगर दुखनं निंघत नाही."

मग डबा पुन्हा उकळत कोण बसणार? स्पिरिटच्या बोळ्यानं सुई पुसायची आणि पुढचा दंड धरायचा. डॉक्टर आतून ओरडायचे, मी बाहेर टोचायचो. पुढे प्लास्टिकच्या सिरिंज आल्या, तर आम्ही त्याही धुऊन वापरल्या. फेकायला जिवावर यायचं. घाईत सुई माझ्या बोटालाही लागायची. बोट चोखायचं आणि कामाला लागायचं. माझा हात हलका होता. याची सुई लागलेली कळतही नाही, असं गावात बायका म्हणायच्या, आणि मी त्या कौतुकानं अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो. डॉक्टर तालुक्याला गेले की मला आपोआप बढती मिळायची.

तो सगळा खारपाणपट्टा. पाणी खारट, दात पिवळे, कुणाच्या किडन्या जातात, कुणाला मुतखडे. त्यामुळे तिकडे माणसाचं काहीही बिघडलं की पाण्याला शिव्या पडतात. माणूस डोळ्यांदेखत पिवळा पडला, पोट माठाएवढं झालं, गेला, तरी पाणीच. ते काही खोटं नाही. पाण्यानं खरंच माणसं नेली. पण सगळी पाण्यानं नेली नाहीत, आणि हे मला कळल्यावरही मी मयतीच्या ठिकाणी पाण्याला शिव्या देणाऱ्यांत बसून मान हलवली आहे.

मला कळलं ते बुलढाण्याला आल्यावर. दवाखाना बंद पडला, मी इकडे एका मेडिकल स्टोअरमध्ये लागलो. रक्तदानाच्या शिबिरात मोठ्या तोऱ्यात रक्त दिलं, आणि थोड्या दिवसांनी चिठ्ठी आली की तुमचं रक्त चालणार नाही, येऊन भेटा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तिथं कळलं की हा रोग सुईवाटे एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. तेव्हा त्यावर इंजेक्शनं होती, एक दिवसाआड एक, वर्षभर. सोबत त्या कॅप्सूल. इंजेक्शन मीच माझ्या पोटात घ्यायचो. प्रत्येक इंजेक्शननंतर हिव भरायचं, केस मूठमूठ गळायचे, आणि मी एवढा चिडका झालो होतो की भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून एकदा ताट भिरकावलं. बायको म्हणाली, "औषध तुमच्या पोटात अन् चटके मले." वर्ष सरलं. सहा महिन्यांनी रक्त तपासलं तर रोग पुन्हा होता तिथेच.

मग बऱ्याच वर्षांनी गोळ्या आल्या. बारा आठवडे, रोज एक, त्रास जवळजवळ नाही, आणि सरकारी दवाखान्यात फुकट. माझं नाव नोंदवलं गेलं, पहिली बाटली हातात आली. त्याच आठवड्यात माझी धाकटी बहीण मला म्हणाली, "दादा, पाह्य बरं, माहे डोये पिवये दिसून राह्यले काय?"

दिसत होते. पाय सुजले होते. गावातच दिली होती तिला, त्यामुळे लहानपणचा ताप असो की बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, तिला सुई लावणारा मीच. दुसऱ्या कुणाकडे ती जायचीच नाही. भाऊ घरचा कंपाउंडर असताना कशाला जाईल?

मी तिला खामगावला एका लॅबमध्ये नेलं आणि तिथं भलतंच नाव सांगितलं. कागद हातात आला. जे असणार हे मला माहीत होतं तेच होतं. समोरच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसून मी तिला समजावलं. तिनं चहा बशीत ओतला आणि तो तसाच ठेवला.

"सासरी सांगजो नको, दादा," ती म्हणाली. "पोरीले पाहाले पावने येऊन राह्यले. मायले असा लागट रोग हाये म्हनून आयकलं त पोरीले कोन करीन?"

मी म्हणायला हवं होतं, चल, उद्याच्या उद्या बुलढाण्याला चल. तिथं तुझ्या नावाची बाटली मिळेल, तिला एक रुपया लागत नाही. मला हे ठाऊक होतं. मेडिकलवाला आहे मी, मला ठाऊक नसेल तर कुणाला? पण तिथं फाइल उघडली की पहिला प्रश्न असतो, पूर्वी इंजेक्शनं कुठे घेतली होती? एक बोलली की दुसरा बोलणार, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच दवाखाना येणार, एकच माणूस. तिची भीती मला सोयीची पडली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाशी म्हणालो आणि तिला वर मोठेपणानं सांगितलं, "तू कुठं जाऊ नको. मी आणतो औषध."

आणि मी हिशेब केला, कंपाउंडरचा हिशेब. पहिल्या वेळची इंजेक्शनं एक दिवसाआड असायची. म्हणजे औषध अंगात दोन दिवस टिकत असणार. मग गोळी रोज कशाला? डॉक्टर लोक जरा जास्तच लिहून देतात, हे तर आम्ही जन्मभर पाहिलेलं. एक दिवस मी, एक दिवस ती. एका बाटलीत दोन माणसं. दर पंधरा दिवसांनी मी सात गोळ्या कागदाच्या पुडीत बांधायचो, दवाखान्यात बांधायचो तशीच, कोपरा आत खोचून, आणि बसनं वरवट बकालला जायचो. ती पुडी पदराला बांधायची. तीन महिने आम्ही हे केलं. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं, हे आज लिहिताना हात थांबतो.

तेलही गेलं, तूपही गेलं. माझा रोग कमी झाला होता, गेला नव्हता. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून 'औषध लागू पडलं नाही' असं लिहिलं. बहिणीची तर तपासणीच नव्हती, तिला कोण काय लिहिणार?

तिच्या पोरीचं लग्न झालं, शेगावला दिली. पुढच्या उन्हाळ्यात बहिणीच्या पोटात पाणी भरायला लागलं आणि दोन वर्षांपूर्वी रक्ताची उलटी होऊन ती गेली. त्याच्या आदल्या दुपारी मी तिच्या खाटेपाशी बसलो होतो. डोळे हळदीसारखे. माझं मनगट धरून म्हणाली, "दादा, तुह्या वाट्याच्या गोया म्या खाल्ल्या रे. तुले पुरल्या नाहीत."

 तिला वाटत होतं, तिनं माझं आयुष्य खाल्लं. ती माफी मागत होती आणि मी ती घेतली. तिचा हात थोपटला आणि म्हणालो, "राहू दे, आराम कर." एवढंच बोललो. सत्य सांगायला त्या दुपारी खूप वेळ होता, आणि खोलीत दुसरं कुणीही नव्हतं.

भूतबीत मी मानत नाही. पण मॅडमनी दिलेल्या त्या महिन्यात मी काही एकटा नव्हतो. भर दुपारी दुकानात काउंटरवर माणसं औषधाची चिठ्ठी पुढे करत, आणि मला चिठ्ठीच्या आधी त्यांचा दंड दिसायचा. बाही वर सरकवलेली, चेहरा दुसरीकडे वळवलेला, सुई घेताना माणसं वळवतात तसा. मग चेहरा इकडे वळायचा तेव्हा तो दुसऱ्याचाच असायचा, वीस-पंचवीस वर्षांमागे गेलेल्याचा. आंघोळीला पाणी घेतलं की मागे रांग उभी असल्यासारखं वाटायचं. मी मागे वळून पाहायचो. वळायचं नाही असं ठरवूनही वळायचो. आणि बीपीची माझी रोजची गोळी तळहातावर घेतली की शेजारी दुसरा तळहात यायचा. बांगड्यांचा, रापलेला. तो काही मागायचा नाही. नुसता उघडा असायचा.

म्हणून मी 'नको' म्हणत होतो. लोकांना सांगायला माझ्याकडे कारणं भरपूर होती. वय झालं, रक्त कमी होईल, दोनदा हरलो, तिसऱ्यांदा कशाला हसं करून घ्यायचं. ती कारणं खोटीही नव्हती. त्या कॅप्सूलची मला मनापासून भीती वाटत होती. पण खरं कारण असं की तिच्या वाट्याला अर्धं आलं आणि मी आता पूर्ण खायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. आपण मरावं आणि विषय संपावा, असंही वाटायचं. अगदी स्वच्छ वाटायचं.

बायकोनं तीन आठवडे ऐकून घेतलं. मग एका सकाळी भाजी निवडताना म्हणाली, "अवो, तुम्ही नाही काऊन म्हनून राह्यले ते खरं सांगता काय? त्या वक्ती दर पंधरा दिवसाले गावाले काहाले जात होते?"

मी सांगितलं. गोळ्यांचं सांगितलं, मग सुयांचं. ती मेथीच्या काड्या मोडत राहिली. सगळं सांगून झाल्यावर पानं आणि काड्या एकाच ढिगात पडल्या होत्या.

"मले सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "जिले सांगाचं होतं ते गेली. आता जा, डॉक्टरले सांगा." 

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. मी बोलत असताना त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडतील असं वाटलं होतं, त्या ओरडल्या नाहीत. फाइलमधला जुना कागद काढून त्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे औषध हरलंच नव्हतं, काका. तुम्हाला ते मिळालंच नव्हतं. तरी अर्धवट डोसमुळे विषाणू निर्ढावलेला असू शकतो, म्हणून आपण चोवीस आठवडेच घेऊ. पण मला आता जास्त आशा आहे."

चांगली बातमी होती. मला ती थोबाडीत मारल्यासारखी लागली. औषध खरं होतं. पूर्ण बाटली कुणा एकाच्या पोटात गेली असती तर तो एक बहुतेक सुटला असता, आणि दोन बाटल्या मागितल्या असत्या तर दोघंही.

"त्यांना इथे का नाही आणलंत?" त्यांनी हळूच विचारलं. मग पुढचं विचारलं, "त्यांच्या मुलांची तपासणी झाली आहे?"

दुसऱ्या दिवशी मी बोथ्याचा घाट उतरून शेगावला गेलो. भाची ब्लाउज शिवते, दारातच मशीन. मला पाहून उठली, पाणी आणलं, चहा ठेवते म्हणाली. मी म्हटलं, आधी बस. उभ्यानं सांगितलं असतं तर मी अर्ध्यातून पळालो असतो.

तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "माह्या लग्नापायी मेली काय ते?"

"नाही," मी म्हणालो. "माह्या भेवापायी." आयुष्यात एवढं नेमकं मी कधी बोललो नव्हतो.

"मले बी तुम्हीच लावल्या असतीन सुया."

"हाव."

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आतून भांड्यांचा आवाजही नव्हता. मी उठून जावं की थांबावं हे मला कळेना. ती आली तेव्हा चेहरा धुतलेला होता आणि साडी बदललेली होती. "चला," म्हणाली. चहाचं नाव काढलं नाही. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही, पुढच्या बाकावर बसली. अख्खा घाट मी तिच्या अंबाड्याकडे बघत चढलो. अंबाडा अगदी आईसारखा बांधते ती. देवाचं नाव घ्यायची माझी सवय नाही, त्या दिवशी घेतलं.

दवाखान्यात तिनं बोट पुढे केलं. लॅबमधल्या मुलीनं पाकीट फोडून नवी सुई काढली, टोचली, लगेच डब्यात टाकली. माझी नजर त्या डब्यावरून हटेना. अर्ध्या तासानं मॅडमनी बोलावून सांगितलं की हिला काही नाही. मला रडू आलं. तिला आलं नाही. ती बाहेर येऊन बाकावर बसली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलली.

"माहं झालं. आता सांगा, अजून कोनाकोनाले लावल्या?"

"लय जन होते, बाई. कोनाकोनाचं सांगू? बावीस वर्सं..."

"याद करा."

"मले आता झेपत नाही. औषध बी घ्याव का नको..."

"मामा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "डॉक्टर मेला. माही माय मेली. ते रांग कोनाची होती हे तुमच्याबिगर कोनाले माहीत हाये? तुम्ही मेले त सुटसान. ते लोकं पान्याले शिव्या देत मरतीन."



तिनं पर्समधून ब्लाउजची मापं लिहायची वही काढली. कोरं पान उघडलं, वर आईचं नाव लिहिलं आणि त्यापुढे 'वारली' असं लिहिलं. मग पेन धरून थांबली.

मी डोळे मिटले. एवढे दिवस ज्या रांगेकडे पाहायला मी भीत होतो, तिच्याकडे आता तोंड करून उभा राहिलो आणि ओट्यावरच्या पहिल्या माणसापासून सुरुवात केली. गिरणीवाला. त्याची बायको. मारुतीच्या पारामागे राहणारे दोघे भाऊ. शाळेतले शिपाईकाका. पीठ चाळल्यासारखी नावं पडायला लागली. मी नाव घेई, ती लिही. काहींच्या पुढे मी म्हणे, गेला. ती विचारी, कशानं? मी म्हणे, कावीळ. ती तेही लिही. गिरणीवाल्याच्या बायकोपाशी ती थांबली. ती बाई अजून आहे, तिला मुलं आहेत. तिच्या नावाभोवती भाचीनं गोल काढला.

पान भरलं. तिनं उलटलं.

खिडकीतल्या सिस्टरनी माझं नाव पुकारलं. "काका, काय ठरलं? गोळ्या सुरू करायच्या?"

मी उठायच्या आत भाची म्हणाली, "करा सुरू." आणि माझ्याकडे न बघता पुढच्या नावासाठी पेन धरून बसली. "हे सारे सापडेपर्यंत मामाले मरता येत नाही."